सोनीची माळ, चंद्रीची माळ

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, राहात्याजवळच्या एका वस्तीवर, चंद्री नावाची गाय पंचेचाळीस हजार रुपयांना विकायची ठरली. त्यापैकी एक हजार इसार म्हणून रोख दिले गेले. देणारा गायींचा व्यापारी भाऊसाहेब, घेणारा घरचा कर्ता संतोष. हजर होत्या संतोषची आई हौसाबाई, बायको शीतल, आणि नमुन्यांची पेटी हातात घेऊन उभी असलेली मी. सौद्याशी माझा काही संबंध नव्हता. मी दूध तपासायला आले होते. पण संतोषनं इसार घेताना मान वर केली नाही आणि शीतल गव्हाणीतल्या वैरणीकडे बघत राहिली, एवढं माझ्या नजरेतून सुटलं नाही.

श्रीरामपूरच्या एका लहानशा खासगी प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षं जनावरांच्या दुधाचे, रक्ताचे नमुने तपासते. घरी नवरा, दोन मुलं आणि सासरे. घरखर्चाचा हिशेब माझ्याकडे असतो आणि तो जुळतो. माझं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं: गायीची कास सुजली, दुधात गाठी आल्या, सड दगडासारखा कडक झाला, की शेतकरी त्याला ‘दगडी’ म्हणतात. दगडी कशामुळे झाली हे नुसतं बघून कळत नाही. सड धुवायचा, कोरडा करायचा, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा, पहिल्या दोन-तीन धारा बाहेर टाकायच्या आणि मग निर्जंतुक नळीत थोडं दूध घ्यायचं. ते बर्फात ठेवून आणायचं, मेंढीचं रक्त घातलेल्या जेलीवर फिरवायचं आणि उबेत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी जेलीवर सोनेरी ठिपके उठले आणि त्यांच्याभोवती रक्त विरघळून स्वच्छ कडं पडलं, की बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकोकस असतो. लांबलचक नाव आहे, आम्ही स्टॅफ म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. दिसायला देखणा, वागायला वाईट.

नमुने आम्ही शक्यतो स्वतः जाऊन घेतो, त्यालाही कारण आहे. एकदा एक गृहस्थ स्टीलच्या डब्यात दूध घेऊन आले. “म्याडम, तुमी म्हनले हुते स्वच्छ पायजे. म्हनून दोनदा उकळून आनलं,” म्हणाले. जंतू शोधायचे होते, ते त्यांनी घरीच शिजवले होते. दुसऱ्या एकानं फी ऐकून विचारलं होतं, “दूध आमचं, आन पैशेबी आमीच द्यायचे?”

तर, संतोषचा गोठा. गायी सहा. सगळ्यात जुनी सोनी. ती संतोषच्या वडिलांनी कालवड असताना आणलेली. वडील गेले, सोनी राहिली. सगळ्यात नवी चंद्री. ही शीतलनं घेतली होती, तीन महिन्यांपूर्वी, बहात्तर हजारांना. शीतल शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. चार वर्षांची शिलाई साठवून तिनं ही गाय आणली होती आणि आता पोळ्याला ती पाच महिन्यांची गाभण होती. घरातली बाकी सगळी माणसं-जनावरं शीतल येण्याआधीची किंवा नवऱ्याच्या नावावरची. चंद्री तेवढी तिची.

चंद्री आली आणि महिन्याभरात तीन गायींना पाठोपाठ दगडी झाली. इलाज केला की बरी व्हायची, पुन्हा उलटायची. हौसाबाईंनी निदान केलंच होतं. “पायगुन. दुसरं काय. आमच्या दावनीला कदी दगडी ठावं न्हवती.” हे त्या गायीबद्दल बोलत होत्या, पण बघत सुनेकडे होत्या. संतोषनं आईचं ऐकायचं का बायकोचं, या विचारात दोन महिने काढले आणि शेवटी भाऊसाहेबाला फोन केला. नमुने तपासायचं गुरांच्या डॉक्टरांनी आधीपासून सांगितलं होतं. ते आणि सौदा योगायोगानं एकाच सकाळी जमले.

भाऊसाहेब तसा सरळ व्यापारी. म्हणाला, “औषदं चालू हायेत तवर जनावर नेत न्हाई. पंधरा-वीस दिवसांनी येतो. तवर इसार तुमच्याकडं. तुमी फिरले तर दुप्पट परत, मी फिरलो तर बुडाले. रीत हाय ती.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “म्याडम, आता इकलेल्या गायीचं दूध कशाला तपासता?”

“गाय विकली असेल, आजार अजून इथंच आहे,” मी म्हटलं.

बैल आता त्यांच्याकडे नाहीत, ट्रॅक्टर आहे. पोळ्याला गायीच सजवतात. आदल्या दिवसाचा साज अजून उतरवला नव्हता. पाच गायींच्या गळ्यात मणी-घुंगरांच्या माळा होत्या. चंद्रीच्या गळ्यात दोरी होती.

मी नमुने घ्यायला लागले तशा हौसाबाई सोनीच्या आड उभ्या राहिल्या. “हिचं कशाला? हिला काय धाड भरलीया? तुमी त्या नवीचं घ्या.”

“आजी, घेतले तर सहाही गायींचे घेईन, नाहीतर एकीचंही नाही. अर्धं तपासून मी सही करत नाही.”

“लई खडूस हाय गं ही बाई,” त्या शीतलला म्हणाल्या. त्या सकाळी सासू-सुनेत तेवढंच एक बोलणं झालं. पण त्या बाजूला झाल्या. सोनीचा मागचा डावा सड बाकीच्यांपेक्षा बारीक आहे हे मला तेव्हा दिसलं. विचारलं तर म्हणाल्या, “तो आदीपासून तसाच हाय. दूध कमी येतं त्यातून, पन नासका न्हाई.”

मी सगळीकडे विचारते तसं इथंही विचारलं, की धार कोण काढतं आणि कुठल्या गायीपासून. उत्तर हौसाबाईंनीच दिलं, अभिमानानं. चंद्री आल्यापासून काम वाढलं, म्हणून त्या पुन्हा धारेला बसायला लागल्या होत्या. पहिली धार सोनीची. तिचा मान. आधी कास कोमट पाण्यानं धुवायची, मग मालकांच्या जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायची. सोनीचं झालं की तेच फडकं तेच पाणी घेऊन ओळीनं पुढच्या चौघी.

“आणि चंद्री?”

“तिला माझं फडकं लावू देत न्हाई मी. तिचं ती बघते,” असं म्हणून त्यांनी सुनेकडे हनुवटी केली. शीतल चंद्रीला वेगळी बांधायची, शिवणातली उरलेली कापडं वापरायची आणि वापरली की चुलीत टाकायची.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. दोन गायी स्वच्छ होत्या. आम्ही दोन म्हणतो तेव्हा पुन्हा एकदा तपासून म्हणतो. तिघी आजारी होत्या त्यातल्या दोघींत स्टॅफ, तिसरी तोवर औषधानं तात्पुरती बरी होती म्हणून दूध स्वच्छ आलं; त्या दोन स्वच्छांतली ती एक. सोनीत स्टॅफ. आणि चंद्रीतही, एका सडात, थोडासाच.

माझ्या अहवालात जंतूच्या नावापुढे ‘आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ एवढंच लिहायला जागा असते. चंद्रीपुढे ‘आढळला’ असं लिहून मी तो कागद त्या वस्तीवर पाठवला असता तर हौसाबाई म्हणाल्या असत्या, बघा, म्याडमनंबी तेच सांगितलं. कागद खरा असता आणि त्याचा अर्थ मात्र खोटा झाला असता. आमच्या कामात याची रुखरुख नेहमीची आहे. एका शब्दात जेवढं मावतं तेवढंच आम्ही सांगतो.

पण सगळे स्टॅफ एक नसतात. या जंतूच्या अंगावर प्रथिनांचा अंगरखा असतो. त्यातली काही प्रथिनं कासेच्या आतल्या अस्तराला घट्ट चिकटून राहायला कामी येतात. एक प्रथिन तर भारी लबाड असतं: शरीरानं जंतूवर सोडलेले पहारेकरी ते उलट्या बाजूनं धरून ठेवतं, म्हणजे पहारेकरी हजर असूनही बिनकामाचे. ही प्रथिनं कशी विणायची याचा नमुना जंतूच्या जनुकांत लिहिलेला असतो आणि तो प्रत्येक घराण्यात थोडा थोडा वेगळा असतो. या लबाड प्रथिनाच्या जनुकात एक लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कुठे आठ वेळा, कुठे चार वेळा, आणि येतो तो दर वेळी किंचित बदलून. किती वेळा आणि कुठल्या क्रमानं, हे वाचलं की जंतूचं घराणं कळतं.

हे वाचायचं यंत्र आमच्याकडे नाही. माझ्याबरोबर पूर्वी काम करणारी वैशाली आता पुण्यात एका संशोधन प्रयोगशाळेत गायींच्या स्टॅफवरच काम करते. तिला फोन केला.

“किती नमुने?” तिनं विचारलं.

“चार. पण एकाच गोठ्यातले आणि कोण आधीची, कोण नंतरची, सगळं माहीत आहे.”

“असं मिळत नाही गं कुठं. पाठव. पैसे नकोत. पण घाई कसली आहे तुला?”

“एक गाय विकायची थांबलीय.”

“तुझ्या गाईंच्या गोष्टी संपायच्या नाहीत,” ती म्हणाली, पण आठवडा उलटून थोडे दिवस गेले तेवढ्यात निकाल पाठवला. सोनीचा आणि दोन्ही आजारी गायींचा स्टॅफ एकाच घराण्याचा, तुकड्याला तुकडा जुळत होता. चंद्रीचा निराळाच. तुकडे कमी आणि क्रमही वेगळा.

अहवाल टपालानं पाठवता आला असता. मी रविवारी स्वतः गेले. नवरा म्हणाला, “एसटीचं भाडं कोण देणार?” मी म्हटलं, “मी.” हा खर्च मी घरखर्चात धरलेला नाही.

भाऊसाहेब आधीच येऊन बसला होता, गाय न्यायला. टेम्पो रस्त्यावर उभा. चंद्रीला शीतलनं सकाळीच धुऊन काढलं होतं. सासरी निघालेल्या मुलीला न्हाऊ घालावं तसं, असं मला वाटलं, पण मी ते बोलले नाही.

कागद दाखवून उपयोग नव्हता. गोठ्याच्या भिंतीला पोळ्याच्या माळा उतरवून टांगल्या होत्या. मी त्यातली एक काढली. “आजी, ही कुणाची?”

“सोनीची. माझ्या हातची ववलेली हाय.”

“चोरीला गेली आणि बाजारात दुसऱ्या गायीच्या गळ्यात दिसली तर ओळखाल?”

“आंधळी झाले तरी वळखीन. दोन लाल, एक निळा, मंग घुंगरू. पुन्ना दोन लाल, एक निळा. शेवटाला निळे सरले म्हनून पांढरा घातलाय. अशी दुसरी न्हाई गावात.”

“जंतूच्या अंगावरही अशीच माळ असते. पुण्याला ती मोजून घेतली. आजारी दोघींतल्या जंतूंची माळ एकच आहे, दोन लाल, एक निळा, शेवटी पांढरा. चंद्रीची माळ वेगळीच निघाली.”

संतोष विचार करत होता. भाऊसाहेब दाढी खाजवत होता. हौसाबाई मात्र माझ्या पुढं निघून गेल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली माळ घेतली.

“आन सोनीची?”

मी उत्तर द्यायच्या आधीच त्या खाली बसल्या. “सोनीचीच हाय व्हय ती.”

मी जे ठाऊक होतं तेवढंच सांगितलं. माळ सारखी म्हणजे घराणं एक, एवढंच कागद सांगतो. कुणाकडून कुणाकडे गेलं ते कागद सांगत नाही. पण सोनीचा सड चंद्री यायच्या आधीपासून बारीक होता. स्टॅफ असा दबून वर्षानुवर्षं राहतो, दूध नासत नाही, गाय आजारी दिसत नाही. पहिली धार तिची, आणि तिला लावलेलं फडकं बाकीच्यांना. फक्त चंद्रीला ते लागलं नाही.

“आई, तू फडकं लावू दिलं न्हाई म्हनून चंद्री वाचली,” संतोष म्हणाला. तीन महिन्यांत तो पहिल्यांदा काही ठाम बोलला असावा.

“बघ. म्हंजी माझा उपकारच झाला तिच्यावर,” हौसाबाई म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. हात सोनीच्या पायावर होता.

भाऊसाहेब व्यापारी माणूस. त्यानं चटकन हिशेब फिरवला. “मंग असं करू. चंद्री ऱ्हाऊ द्या. ह्या म्हातारीला नेतो. रोगाचं मूळच हीच हाय म्हनल्यावर. काय म्याडम, पुस्तकात असंच लिव्हलंय ना?”

पुस्तकात तसंच लिहिलंय. जुना दबलेला स्टॅफ असलेली गाय कळपातून काढावी. मी खोटं बोलत नाही, म्हणून म्हटलं, “लिहिलंय तसं. पण...”

हौसाबाईंनी मान वर केली नाही. सोनीच्या घोट्याजवळच्या केसांवरून त्यांचा हात तसाच फिरत होता. त्या सुनेकडे बघत नव्हत्या. बघायची हिंमत नव्हती, असं मला वाटतं. तीन महिने जे दुसरीच्या गायीबद्दल बोलून झालं होतं ते आता त्यांच्या गायीबद्दल खरं ठरलं होतं, आणि बोलायची पाळी शीतलची होती.

शीतल चंद्रीचं दावं सोडायला म्हणून हातात धरून उभी होती. ती म्हणाली, “सोनी कुटं जात न्हाई.”

“अगं, पन...” भाऊसाहेब म्हणाला.

“मामा, सासऱ्यांनी आनलेली हाय ती. तिच्या दुधावर ह्येंची शाळा झाली. कुटं जात न्हाई म्हनलं ना. म्याडम, ‘पन’ म्हनून थांबले तुमी. पन काय?”

मग मी पुढचं सांगितलं. काढायची नसेल तर सांभाळायची रीत आहे. सोनीला वेगळं बांधायचं. तिचं फडकं वेगळं आणि रोज उकळलेलं. तिच्या औषधाचं डॉक्टरांना विचारायचं. खरं तर प्रत्येकीचं फडकं वेगळंच हवं, शीतलसारखं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोनीची धार सगळ्यांत शेवटी. म्हणजे तिचं काही पुढं जाणार नाही.

इथं अडलं. उकळायला, वेगळं बांधायला त्या तयार होत्या. शेवटी म्हटल्यावर हौसाबाई ताठ झाल्या. “सोनी शेवटाला? ह्या कालच्या पोरींच्या मागं? मालक असते तर हात लावू दिला नसता.”

मी जंतूंचं पुन्हा समजावून सांगितलं. संतोषनंही सांगितलं. भाऊसाहेब म्हणाला, “आवो मावशी, गाईला काय कळतंय पहिलं-शेवटलं,” त्यावर त्याला “तुला काय कळतंय गाईतलं, तू निस्ता इकतो,” असं उत्तर मिळालं. शीतल चहा ठेवायला आत गेली.

चहा आला. कप पाच होते आणि माणसंही पाच. शीतलनं सगळ्यांना दिला आणि आपला कप चुलीजवळ ठेवून भांडी आवरायला लागली. हौसाबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

“घे की गं तुझा,” त्या म्हणाल्या.

“तुमचं होऊ द्या. मी घेते शेवटाला.”

हौसाबाईंनी कप खाली ठेवला. “मीबी शेवटालाच घेत हुते. तुझे सासरे, गडी, पोरं, समदी उठली की मंग. घरची मालकीन शेवटाला बसती.” मग त्या उठल्या, सोनीजवळ गेल्या आणि तिच्याशीच बोलल्यासारखं बोलल्या. “आजपासून तू मालकीन. समद्यांचं झालं की मंग तुजं. काय?”

सोनी रवंथ करत होती. तिची हरकत दिसली नाही.

भाऊसाहेब पहिला हसला. मग संतोष. शीतल पदरात तोंड घालून हसत होती का रडत होती हे मला नीट कळलं नाही, म्हणून मी तसं ठाम लिहीत नाही. हौसाबाई मात्र लगेच भानावर आल्या. “चंद्री आली, काम वाढलं, म्हनून मला धारेला बसावं लागलं. तवा कारन तीच. उगं लई हुरळून जाऊ नको.”

“व्हय आत्या,” शीतल म्हणाली.

पुढचं थोडक्यात. सगळ्या गायींना डॉक्टरांनी औषध दिलं. दोन महिन्यांनी मी पुन्हा सहाही नमुने घेतले, या वेळी हौसाबाईंनी स्वतः सड धुऊन दिले, आणि मी स्पिरिट लावलं की नाही यावर लक्ष ठेवलं. चंद्री स्वच्छ निघाली. आजारी होत्या त्या तिघीही. सोनीत अजून आहे, त्या एका सडात, आणि राहील असं वाटतं. ती शेवटी धार देते. दिवाळीनंतर वस्तीवर दगडी झालेली नाही. वैशालीला मी हे कळवलं तर तिनं विचारलं, “पण फडकं थांबल्यावर, की औषधानं?” दोन्हींनी, मी म्हटलं, वेगवेगळं सांगता येणार नाही. ती म्हणाली, तू अजून तशीच आहेस.

संक्रांतीच्या सुमाराला चंद्री व्याली. कालवड झाली. चीक आमच्याकडं कुणी विकत नाही, वाटतात. संतोष बरणी घेऊन श्रीरामपूरला आमच्या दारात आला. खरवस केला, सासऱ्यांनी दोनदा मागून खाल्ला. बरणी रिकामी परत द्यायची नसते म्हणून साखर घालून मी ती स्वतःच द्यायला गेले. कालवड बघायची होती, हे खरं कारण.

चंद्रीच्या गळ्यात माळ होती. नवी कोरी. एक हिरवा, तीन पिवळे, मग घुंगरू.

“बाजारातून आणली?” मी विचारलं.

“बाजारातनं मनी आनले. ववली मी,” हौसाबाई म्हणाल्या. “येगळी केलीय. चोरीला गेली तर वळखू आली पायजे.”

हिशेब द्यायचा तर असा. आमच्या प्रयोगशाळेची दोन्ही वेळची फी संतोषनं दिली. पुण्याच्या तपासणीचे पैसे कुणी घेतले नाहीत. सौदा मोडल्याचे, इसाराच्या दुप्पट म्हणजे दोन हजार, शीतलनं भाऊसाहेबाला त्याच दिवशी मोजून दिले. त्यानं ते घेतले, कारण रीत आहे, आणि कालवड झाली तेव्हा त्यातले शंभर रुपये तिच्या कपाळाला लावून शीतलला परत दिले. आणि मण्यांचे तीनशे चाळीस, राहात्याच्या बाजारातल्या साजाच्या दुकानदाराला, हौसाबाईंनी दिले. रोख, घासाघीस न करता.